हैबतरावांशेजारची बाई

फोटो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता आणि तो तुकडा कोणी सोडायचा यावरच दोघांचे जमत नव्हते. चंद्राबाईंनी गाठोडे मांडीवर धरले होते आणि त्यांचा भाचा किशोर हात पुढे करून शेजारी उभा होता.

“आत्या, मॅडमना बघू दे. हितं पण मांडीवरच घेऊन बसणार का?”

“तू आदी खाली बस. डोक्यावर हुबा ऱ्हाऊ नको.”

लवळ्याच्या टेकडीवरील विद्यापीठात शुभांगी छायाचित्र-संग्रहाचे काम पाहत असे. काचेच्या निगेटिव्ह, छापील तसबिरी, पुठ्ठ्यावर चिकटवलेले जुने फोटो यांची ओळख पटवणे आणि काळ ठरवणे हे तिचे शिक्षण होते आणि नोकरीही. शनिवारी दुपारी हा विभाग आसपासच्या गावांतील लोकांसाठी उघडा असे. बहुतेक लोक जुन्या फोटोची किंमत विचारायला येत आणि किंमत सांगत नाही म्हटल्यावर चहा न घेता उठत. हे दोघे किमतीसाठी आलेले नव्हते. किशोरने नांदे गावात नवा बंगला बांधला होता. तिथल्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्याला या शनिवारांबद्दल सांगितले होते.

चंद्राबाईंनी शेवटी स्वतःच गाठ सोडली. करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वहीच्या पानाएवढा फोटो. कोरीव पाठीच्या खुर्चीवर फेटा बांधलेला, जाड मिशांचा, तिशीतला पुरुष बसलेला आणि त्याच्या उजव्या हाताला, खुर्चीच्या पाठीवर बोटे टेकवून उभी असलेली नऊवारीतली तरुण बाई. कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, गळ्यात दागिने. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळे आणि संगमरवरी कठडा.

“हे माझे आजोबा, हैबतराव,” किशोर म्हणाला. “त्यात वाद नाही. ही शेजारची कोण, तेवढं सांगा.”

“वाद तू काढला,” चंद्राबाई म्हणाल्या. “माझ्या जन्मात कुणी काढला नव्हता.”

वादाचे स्वरूप हळूहळू स्पष्ट झाले. हैबतरावांची दोन लग्ने झाली होती. पहिली बायको सगुणाबाई १९५० साली वारली, तेव्हा तिची एकुलती मुलगी चंद्रा अजून रांगत होती. दोन वर्षांनी ठकूबाई घरात आली. ठकूबाईचा मुलगा जनार्दन आणि जनार्दनचा मुलगा हा किशोर. जनार्दन तीन वर्षांपूर्वी गेला. नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात आजी-आजोबांचा मोठा फोटो लावायचा आणि त्याखाली पितळी पाटीवर दोघांची नावे कोरायची, असे किशोरने ठरवले होते. हैबतरावांचा हा एकच फोटो होता आणि तो चंद्राबाईंच्या महाळुंग्याच्या घरी होता. किशोर तो मागायला गेला, तेव्हा पाटीवर ‘ठकूबाई’ असे नाव येणार हे चंद्राबाईंना समजले.

“ही माझी आई हाय,” चंद्राबाई शुभांगीकडे वळून म्हणाल्या. “सगुणा. ठकूआईचं नाव माझ्या आईच्या तोंडाखाली? मी जित्ती आसताना?”

“फोटो आत्याच्या घरी आहे म्हणून आत्याची आई?” किशोर म्हणाला. “माझ्या वरच्या मजल्यावर चार इंजिनिअर राहतायत, ती काय माझी पोरं झाली?”

“भाडं देत्यात का न्हाई? मग पोरांपरीस बरी.”

शुभांगी हसली आणि मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला: ही आई आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?

“ठकूआईनं,” चंद्राबाई म्हणाल्या. प्रश्नाचा त्यांना राग आला नव्हता, उलट त्याची त्या वाट पाहत होत्या. “मी सात-आठ वर्सांची आसन. पाणवठ्यावर पोरी चिडवायच्या, हिला आईचं तोंड गोरं का काळं ते ठावं न्हाई. मी रडत घरला आले. ठकूआईनं मला हाताला धरलं, ह्या फोटूफुडं नेलं आन् म्हनली, ही बघ तुजी आई. आता जा आन् सांग त्यांला. मी इचारलं, मग तुजा फोटू कुटं हाय? तर म्हनली, ह्या तोंडाचा फोटू कोण काडतंय.”

“म्हणजे?”

“देवीचे वण व्हते तिला. गालभर. म्हनून तर बिजवराला दिली. आता तुमीच बघा, हिच्या तोंडावर हाय का एक तरी वण?”

फोटोतील चेहरा नितळ होता. आज्जीचा चेहरा किशोरला आठवत होता आणि त्या चेहऱ्याला या फोटोत जागा नव्हती, हे त्यालाही मान्य करावे लागत होते. “दादा सांगायचे, ही त्यांची आई म्हणून,” एवढेच तो बोलला.

“जना लहान व्हता. त्याला काय ठावं.”

शुभांगीने खिडकीचा पडदा ओढला आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला जांभळा टॉर्च फोटोच्या कडेवर धरला. कागदाची किनार निळसर उजळली. तिने टॉर्च पुन्हा फिरवून खात्री केली आणि पडदा सरकवला. फोटोच्या कागदात उजळपणासाठी घालायचे द्रव्य १९५०च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास वापरात आले, त्यामुळे हा कागद त्याआधीचा असण्याची शक्यता फार कमी, हे तिने दोघांना साध्या शब्दांत सांगितले.

“म्हणजे पंचावन्न सालानंतरचा,” किशोर लगेच म्हणाला. “आणि आत्याची आई पन्नासला गेली. झालं की मग!”

“झालं नाही,” शुभांगी म्हणाली. “कागद पंचावन्ननंतरचा आहे. फोटो केव्हा काढला, ते वेगळं. स्टुडिओवाले निगेटिव्हच्या काचा जपून ठेवत. लग्नात काढलेल्या फोटोची प्रत लोक दहा वर्षांनीही मागून नेत.”

चंद्राबाईंनी भाच्याकडे पाहिले. “ऐकलं का? उगा उड्या मारू नको.”

फोटो काही दिवस ठेवून घ्यावा लागेल, असे शुभांगीने सांगितले तेव्हा चंद्राबाईंचा हात पुन्हा गाठोड्याकडे गेला. पितृपक्ष तोंडावर होता. अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या तिथीला, त्या या फोटोपुढे पान वाढत आणि आईच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालत. हे मुलाचे काम, लेकीचे नव्हे. पण सगुणाबाईला मुलगा नव्हता आणि सासरच्यांनी कधी अडवले नव्हते. लग्न झाल्यापासून यात एकदाही खंड पडलेला नव्हता.

“नवमीच्या आदी घरात पायजे,” त्या म्हणाल्या. “आन् जे आसंल ते सांगा. आडून-आडून नको.”

“सांगेन,” शुभांगी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने फोटोवर पद्धतशीर काम केले. पुठ्ठ्यावर पुण्याच्या एका स्टुडिओचा उठावाचा शिक्का होता. तो स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, पण त्याचे काही फोटो विभागाच्या संग्रहात होते. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर तळे आणि कठड्याचा पडदा तब्बल वीस वर्षे वापरात असल्याचे दिसले. लग्नाच्या तारखा लिहिलेल्या फोटोंत तो १९४२ मध्येही होता आणि १९६१ मध्येही. खुर्ची तीच. पुरुषाचा फेटा आणि कोट त्या काळात कधीही शोभला असता. कोट तर स्टुडिओचाच असावा, कारण त्याच्या बाह्या हैबतरावांना आखूड होत होत्या. फोटो दुसऱ्या फोटोवरून काढलेली नक्कल नव्हता, नथीचे मोतीसुद्धा भिंगाखाली वेगवेगळे मोजता येत होते. म्हणजे मूळ काचेवरून काढलेला ठसा. परंतु काच केव्हाची, याचे उत्तर यातून मिळत नव्हते. चंद्राबाईंची बाजू अजून शाबूत होती आणि शुभांगीला त्याचे समाधान वाटले. तिला स्वतःचे हे समाधान खटकलेही. निष्कर्ष कोणता असावा अशी इच्छा मनात असली की डोळा त्याच बाजूचे पाहू लागतो, असे तिला शिकवले गेले होते आणि ते तिच्या अनुभवाचेही होते.

म्हणून तिने चेहऱ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. हैबतरावांच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालचा काळेपणा, हनुवटीवरची जुनी खूण, सगळे जसेच्या तसे होते. बाईच्या चेहऱ्यावर मात्र गालांपासून कपाळापर्यंत अत्यंत बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांचे जाळे होते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नव्हते, भिंगाखाली मात्र पिठाच्या चाळणीसारखे स्पष्ट दिसत होते. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने केलेले काम. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे फोटो उजळतो, त्वचेवरचा खड्डा भरून निघतो. बायकांच्या फोटोंवर असे थोडेफार काम बहुतेक स्टुडिओ करत, पण इतके दाट काम शुभांगीने क्वचितच पाहिले होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघा एकमेकींवर इतक्या चढल्या होत्या की खालचे काही उरलेच नव्हते. नितळ दिसणारा चेहरा मुळात नितळ नव्हता. चंद्राबाईंचा सर्वांत भक्कम पुरावा इथे सुटला.

पण सगुणाबाईलाही वण नसतील असे कोणी सांगावे? देवीची साथ त्या काळात घराघरांतून गेली होती. शुभांगीने एवढ्यावर निर्णय घेतला नाही.

निर्णय गळ्यातून आला. बाईच्या मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात ओवलेला एक लहान पत्रा होता. पहिल्या दिवशी तिने त्याची नोंद ‘लंबगोल पदक’ अशी केली होती. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तो भाग वाढवून पाहिल्यावर ते पदक नसल्याचे लक्षात आले. पत्र्यावर ठोकून उठवलेली एक उभी आकृती होती. दोन्ही हात अंगालगत, खाली घोळदार वस्त्र, डोक्यावरून पदर. देवी नव्हे, कारण हातात काही आयुध नव्हते. हा टाक होता. देवघरात पूर्वजांचे असतात तसा, फक्त गळ्यात घातलेला.

या मुलखात बायको वारलेल्या माणसाशी लग्न करून आलेल्या मुलीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक बांधत. तिला रोज हळदकुंकू लावायचे, नवे लुगडे आधी तिला दाखवायचे आणि मग नेसायचे. म्हणजे गेलेलीचा मान राहतो आणि नवीचा संसार चालतो, अशी समजूत होती. पहिल्या बायकोच्या गळ्यात असा टाक असण्याचे कारण नव्हते.

शुभांगीने पडदा बंद केला आणि बराच वेळ दुसरे काम केले.

नियमाप्रमाणे फोटो ज्याचा त्याला निष्कर्ष आधी कळवायचा. फोटो चंद्राबाईंचा होता. शुभांगीने निष्कर्ष पोस्टाने किंवा फोनवर कळवायचे टाळले आणि नवमीच्या आधीच्या रविवारी ती महाळुंग्याला गेली. चंद्राबाईंच्या मुलांनी शेत बिल्डरला दिले होते आणि बदल्यात त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट घेतले होते. नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत चंद्राबाई पत्रावळीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. किशोरही आला होता. त्याला त्यांनीच बोलावून घेतले होते.

“त्याच्या तोंडावर सांगा,” त्या म्हणाल्या. “मागनं मी काय बी सांगितलं आसं म्हनायला नको.”

शुभांगीने फोटो पिशवीतून बाहेर काढला नाही. कोणतीही गोष्ट दाखवण्याआधी विचारून घ्यावी, दाखवल्यावर मिळणारे उत्तर अर्धे आपणच दिलेले असते, हे ती जाणून होती. तिने विचारले, “आजी, ठकूबाईंच्या गळ्यात काय काय असायचं?”

“काय आसनार? गरिबाघरची. मंगळसूत्र, आन् टाक.”

“कसला टाक?”

“माझ्या आईचा. सवतीचा टाक घालावा लागतो ना, तसा. न्हाताना बी काडायची न्हाई. रोज सकाळी त्याला आदी हळदकुकू लावायची आन् मंग चुलीपाशी. मी तर लहानपनी त्यो चोखायचे म्हनं, तिच्या मांडीवर बसून.” त्या हसल्या. “चांदीचा व्हता. तिच्यासंगतीच गेला, सरणावर. जना म्हनला काडा, मी म्हनलं न्हाई, ऱ्हाऊ द्या.”

“तुमच्या आईच्या आधी हैबतरावांचं कोणाशी लग्न झालं होतं?”

“छे! पयली तीच.”

शुभांगीने वाढवलेला छाप काढून तांदळाच्या पत्रावळीशेजारी ठेवला. त्यावर फक्त गळा आणि छातीचा भाग होता, मंगळसूत्राच्या वाट्या आणि त्यांच्या खाली, तळहाताएवढा झालेला तो टाक. तिने स्पष्टीकरण दिले नाही. ते द्यावेही लागले नाही.

चंद्राबाईंनी चष्मा कपाळावर सारला, छाप डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. मग तो पत्रावळीवरच ठेवला. काही तांदूळ फरशीवर सांडले.

“काय आहे ते?” किशोरने विचारले. त्याने वाकून पाहिले आणि तो सरळ होऊन बसला. आपण जिंकलो हे त्याला कळले होते आणि आता चेहरा कसा ठेवावा हे कळत नव्हते.

“वण?” चंद्राबाईंनी विचारले.

शुभांगीने पेन्सिलीचे काम दाखवले. निगेटिव्ह म्हणजे काय, तिच्यावर रेघा कशा मारतात, हे सांगितले.

“इतकं समदं भरलं?”

“भरलं. दोन-तीन तास तरी लागले असतील कोणाला तरी.”

“आन् टाक तसाच ठिवला.”

“हो.”

गॅलरीच्या खाली कुठे तरी काँक्रीटचे मिक्सर फिरत होते. चंद्राबाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त त्या कोणाकडेही पाहत नव्हत्या.

“नवमीला सवाष्ण कोण यायची, ठावं हाय का तुमाला? तीच. आईच्या जागी तिनंच यायचं म्हनून मी नांद्याला बोलावनं धाडायचे. जुन्या घरात पाटावर बसायची, फोटूच्या म्होरं. मी फोटूला हार घालायचे, पान ठिवायचे, मेलेल्याचं पान, आन् ती जेवायची. आपल्याच तोंडाफुडं. जित्त्या मानसाच्या फोटूला हार घातला तर काय म्हनत्यात, तुमाला ठावं न्हाई व्हय? आन् ही बया बसून जेवायची. वरनं म्हनायची, चंद्रे, आज पुरनाला येलची जास्त झाली.”

“आत्या…” किशोर म्हणाला.

“बाप वारल्यावर सवाष्ण म्हनून यायची बंद झाली. मंग फुलं घेऊन यायची. पिवळी शेवंती. आपल्या हातानं घालायची. किती वर्सं? बाप ऐंशी-एक्याऐंशीला गेला. ही त्र्याण्णवला.” त्यांनी हिशेब सोडून दिला. “एकदा सांगितलं आसतं तर काय झालं आसतं? मी काय तिला घरातनं काडनार व्हते?”

किशोर आपल्या पायांकडे पाहत होता. मग तो म्हणाला, “दादा म्हणायचे, आक्का आहे तोवर हे बोलू नका. मला माहीत होतं, आत्या. मीच उकरून काढलं. मला वाटलं, आता काय एवढं.”

“जनाला ठावं व्हतं?”

“आजोबांनी सांगितलं होतं त्यांना.”

“म्हंजे समद्यांला ठावं व्हतं.” चंद्राबाईंनी प्रथमच भाच्याकडे नीट पाहिले. “आन् तू पितळी पाटीसाठी आलास.”



शुभांगीने पिशवीतून कागद काढला. त्यावर काळ लिहिला होता: अंदाजे १९५५ ते १९५८. व्यक्ती: पुरुष, हैबतराव; स्त्री, बहुधा त्यांची दुसरी पत्नी ठकूबाई. चंद्राबाईंना वाचता येत होते. त्यांनी बोट ‘बहुधा’वर ठेवले.

“हे कशाला?”

“मी तिथं नव्हते, आजी. जे दिसतं त्यावरून सांगते.”

“मी बी नव्हते. ती व्हती, आन् ती खोटं बोलली.” त्यांनी कागद परत दिला. “ऱ्हाऊ द्या तुमचं बहुधा.”

मग त्या उठल्या आणि आत गेल्या. दोघांना वाटले, त्या आता बाहेर येणार नाहीत. शुभांगीने तोवर मूळ फोटो, मधे पातळ कागद घालून, पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात ठेवला. किशोरने हळू आवाजात विचारले की अशा वेळी काय करायचे असते. शुभांगी म्हणाली, तिला माहीत नाही. तिच्या शिक्षणात ते नव्हते आणि असते तरी या घरासाठी ते उपयोगी पडले असते असे तिला वाटत नव्हते.

चंद्राबाई बाहेर आल्या तेव्हा तोंडावर पाणी मारून आल्या होत्या. पदर नीट खोचलेला होता. त्यांनी पत्रावळीवरचा तो मोठा छाप उचलला.

“ह्याच्यापरीस मोठा व्हईल का? तोंड दिसंल आसा?”

शुभांगीला त्या कोणाच्या तोंडाबद्दल विचारत आहेत ते समजले. “मोठा होईल. पण तोंड दिसणार नाही. टाकाला तोंड नसतं, आजी. सोनार सगळ्या बायकांना एकच ठोकत. डोळे दोन ठिपके, नाक एक रेघ.”

“मला ठावं हाय. मी हातात घेतलाय त्यो. इचारलं आपलं.”

मग त्यांनी लुगड्याच्या तुकड्यातला फोटो किशोरच्या हातात दिला. तो घ्यावा की नाही याबद्दल त्याची चलबिचल झाली.

“घे. तुजी आज्जी हाय. नाव ठकूबाईचंच टाक. सगुणाचं नको टाकूस, ती हितं न्हाई.” मग आवाज चढवून, “पन मोटा करताना तोंडापुरता करू नको. गोल-बिल कापू नको. गळ्यातलं समदं आलं पायजे.”

“फ्रेमवाल्याला ओव्हल सांगितलीय, आत्या. डिझाईनच तसं आहे. भिंतीत कोनाडा केलाय.”

“मंग कोनाडा मोटा कर. आजून पलिस्टर वलं आसंल.”

“सुकलं ते केव्हाच.”

“फोड.”

किशोरने शुभांगीकडे पाहिले. तिने न पाहिल्यासारखे केले. त्याने फोन काढला आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फ्रेमवाल्याशी हिंदीत बोलू लागला. माप बदलले आहे, चौकोनी हवी आहे, वरून नाही, खालून वाढवायची आहे, हे त्याला तीनदा सांगावे लागले.

“नवमीला काय करणार?” शुभांगीने विचारले. विचारू नये असे ठरवूनही तिने विचारले.

“पान तर ठिवावं लागंल. तांदूळ निवडून झालंत.” चंद्राबाई पुन्हा खाली बसल्या आणि फरशीवर सांडलेले दाणे एकेक करून उचलू लागल्या. “किशा! नवमीला मी तुज्याकडं येतीया. पान तिथं ठिवीन, फोटूम्होरं.”

किशोरने फोनवर हात ठेवला. “आमच्यात आज्जीचं पान अमावस्येला असतं, आत्या. ती विधवा गेली ना. नवमीला नाही चालत.”

“मला शिकवतोस व्हय? पान तिच्यासाटी न्हाई. तिच्या गळ्यात जी हाय तिच्यासाटी.”

“बरं. ये. गाडी पाठवतो.”

“आन् अमावस्येला बी पाठव.”

पलीकडून फ्रेमवाला हॅलो, हॅलो करत होता.

“अमावस्येला पण?”

“तिला काय उपाशी ठिवतोस?” चंद्राबाई म्हणाल्या. “पुरन मी करीन. येलची कमी घालीन. तुज्या बायकूला सांग, नवमीला सवाष्ण म्हनून तिनंच बसायचं, भायेरची बोलवायची न्हाई.” मग त्यांनी आतल्या खोलीकडे मान करून सुनेला हाक मारली, चहा टाक म्हणून. चहात साखर घालायची की नाही, हेही त्यांनी पाहुणीला विचारून घेतले.